नुसता ठेका

रतन कांबळे रोज सकाळी माझ्या दवाखान्याची पायरी चढायचा, पण औषधासाठी नव्हे. उंबऱ्यातच उभा राहून तो विचारायचा, "डॉक्टर, काल बाटल्या वाजल्या का?"

उमरग्याला हैदराबाद रस्त्याच्या कडेला माझा दवाखाना होता आणि एका भिंतीपलीकडे त्याचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. दुरुस्ती नावाला, खरा धंदा कॅसेटी भरून देण्याचा. त्याच्या दुकानात स्पीकरचा खोका घुमायला लागला की इकडे माझ्या फळीवरच्या मिक्श्चरच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी तणतणत त्याच्याकडे गेलो. त्याला वाटलं, मी दाद द्यायला आलोय. त्यानं मला स्टूल दिलं, चहा सांगितला आणि अगदी मन लावून विचारलं की नेमक्या कुठल्या बाटल्या वाजल्या, मोठ्या की लहान. मोठ्या, असं मी भांडणाच्या सुरात सांगितलं. तो खूश झाला. म्हणाला, म्हणजे खालचा आवाज पोचतोय, लहान वाजल्या असत्या तर खोका फुकट गेला असता. भांडायला गेलेला मी चहा पिऊन परत आलो. तेव्हापासून माझा दवाखाना हे त्याचं मोजमापाचं यंत्र झालं. त्याबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही.

रतन उंच, सडपातळ, मानेवर रुळणारे केस आणि पायात पांढरे बूट. गावात टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या, अशा दिवसांतही याचा शर्ट परीटघडीचा. त्याची बायको कमल सूतगिरणीत कामाला होती. ती म्हणायची की प्यायला पाणी नाही आणि आमच्या घरात खळीला पाणी लागतं. त्यावर रतन हसायचा. त्याला कुणी काही बोलू लागलं की तो अगदी जवळ येऊन उभा राहायचा आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघायचा. इतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता. बायकोला मी तसं सांगितलंही होतं, माणूस कसा ऐकतो ते बघ म्हणून. डॉक्टर असून मला त्यात दुसरं काही दिसलं नाही.

ते दिवस डिस्को उतरणीला लागल्याचे होते. आमच्या भागात डिस्को आला तो लग्नांच्या वरातीतून, एखाद्या साथीसारखा. आधी एक वरात, मग शेजारची, मग सगळा तालुका. ज्यांनी आयुष्यात बैलांमागं चालण्यापलीकडे पाय हलवले नव्हते ते एक बोट आभाळाकडं करून नाचले. चाँदमास्तरांच्या ब्रास बँडनं चमकीचे कोट शिवून घेतले. मास्तर साठीला आलेले, क्लॅरिनेट वाजवणारे, दम लागला की माझ्याकडं येणारे. रतनला वाजवण्याचा नाद त्यांनीच लावलेला. लहानपणी तो त्यांच्या बँडमागं गावोगाव फिरला होता आणि मास्तरांच्या क्लॅरिनेटची प्रत्येक चाल त्याला पाठ होती. दोन-चार हंगाम हा धुमाकूळ चालला आणि मग साथ ओसरावी तसा डिस्को ओसरला. चमकीचे कोट पेटीत गेले. आता पुन्हा जुनी गाणी येतील असं मास्तरांना वाटलं, मलाही वाटलं.

आलं ते वेगळंच. रतनच्या दुकानासमोर मालट्रका थांबायच्या. ड्रायव्हर लोक मुंबईहून कॅसेटी आणायचे आणि रतनकडून भरून न्यायचे. त्यातल्या एकानं एक कॅसेट परत आणून टाकली. म्हणाला, खराब आहे, हिच्यात गाणंच नाही, नुसतं धाड धाड चालू आहे. रतननं ती लावली आणि दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. मी माझा रेडिओ न्यायला गेलो होतो, म्हणून मलाही ती ऐकावी लागली. कुठल्याशा परदेशी यंत्राचा ठोका, एकसारखा, न थकता. ना गाणारा, ना वाजवणारा, ना चाल. मला वाटलं आता सुरू होईल, आता सुरू होईल, आणि कॅसेटची बाजू संपली. रतनचा चेहरा मात्र लांबचा नातेवाईक भेटावा तसा झाला होता.

"ही खराब न्हाय, डॉक्टर," तो म्हणाला. "डिस्कोत गाणाऱ्यासाठी ठेका व्हता. हितं ठेक्यासाठी गाणं ठिवलं, अन् मग तेबी काढून टाकलं. आता हेच चालणार."

मी म्हणालो की हे ऐकायला कोण येणार, माणसाला डोकं असतं. तो म्हणाला, नाचायला डोकं लागत नाही.

त्यानंतर तो स्वतः तसल्या कॅसेटी करू लागला. दोन टेपरेकॉर्डर जोडायचे, गाण्याच्या सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा तेवढा उचलायचा आणि तोच पुन्हा पुन्हा भरायचा. कधी फीत ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडायचा. पुढं मुंबईहून त्यानं बटणं असलेलं एक ठोके देणारं यंत्र आणलं, त्याला तो रिदम मिशन म्हणायचा. सुरुवातीला त्याच्या कॅसेटीत मधूनमधून बासरीसारखं काही तरी ऐकू यायचं. मग ते गेलं. मग बायकांचे आवाज गेले. शेवटी गाण्याची ओळखही गेली आणि राहिला तो नुसता ठेका. ड्रायव्हर त्यावर जाम खूश. एकानं मला सांगितलं की ही कॅसेट लावली की झोप येत नाही आणि हैदराबाद कधी आलं ते कळतही नाही. मला ते ऐकून बरं वाटलं नाही, कारण रस्ता कळला नाही असं म्हणणाऱ्या ड्रायव्हरांना मी नंतर टाके घातलेले आहेत.

एका दुपारी मी त्याच्या दुकानात बसलो होतो. रतन खाली मान घालून एक तार डागत होता. त्याच्या पाठीमागं बाकावर चाँदमास्तर क्लॅरिनेट घेऊन बसले होते. एका लग्नासाठी त्यांनी नवी चाल बसवली होती आणि ती ऐकवायला खास आले होते. मास्तरांनी सुरुवात केली. वय झालं होतं, पण सूर अजून स्वच्छ होता. वरच्या पट्टीत गेला की अंगावर काटा यायचा. मी डोळे मिटले. चाल मध्यावर आली असेल आणि रतन मान वर न करता म्हणाला, "मास्तर, सुरू करा की. कामून बसलाव?"

मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं नाही. ते वाजवत राहिले आणि माझ्याकडं बघत राहिले. मग थांबले. रतनला थांबल्याचंही कळलं नाही. थोड्या वेळानं मास्तर उठून बाहेर आले आणि माझ्या पायरीवर बसले. त्यांना दम लागला नव्हता, पण ते दम लागल्यासारखे बसले. म्हणाले, "डॉक्टरसाब, मेरे हात का बच्चा है उनो. मेरा बाजा उसके लिए मर गया."

मास्तरांनीच त्याला दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर आणून बसवलं. मी घड्याळ त्याच्या कानाशी धरलं. तो म्हणाला, बंद आहे. मी पाठीमागं जाऊन कुजबुजलो. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिला. कान तपासायचा लोखंडी, चिमट्यासारखा नादकाटा असतो, त्यातला बारीक आवाजाचा मी वाजवला तर काहीच नाही. जाड आवाजाचा वाजवला आणि त्याचा चेहरा उजळला. तेव्हा मला कळलं की हा माणूस इतकी वर्षं आमच्या तोंडाकडं का बघत होता. मी चिडलो, त्याच्यावर नाही, पण आवाज त्याच्यावरच चढला. विचारलं, कधीपासून हे?

त्यानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत सांगितलं पाहिजे.

"बहात्तरच्या दुष्काळात गावाकडं हिरीचं काम निघालं. खडक लागला, सुरुंग लावायचे. बार उडवायच्या आदी हलगी वाजवून लोकाला सावध करायचं. मुकादम म्हन्ला, तुझा बाप वाजवायचा, तू वाजीव, बसून हजेरी मिळंल. आमच्या बापानं धम्म घेतला त्या साली हलगीचं कातडं फाडलं व्हतं. कडं तेवढं आईला दिलं, रांजनाखाली ठिवायला. म्या म्हन्लं, हलगीला हात लावणार न्हाय. मुकादम म्हन्ला, मग काय करणार? म्या म्हन्लं, वात पेटवतो. वातीला कुनी तयार नव्हतं."

त्या उन्हाळ्यात सगळ्या वाती त्यानं पेटवल्या. वात लावायची, पाटीत बसायचं, वरचे लोक ओढून घ्यायचे. कधी ओढायला उशीर व्हायचा. पहिल्या बारापासून त्याच्या कानात रातकिडे ओरडू लागले. आधी ते रात्रीपुरते असायचे, मग मुक्कामालाच आले. त्यांचा आवाज वाढत गेला तशी बाहेरची दुनिया कमी होत गेली. चिमण्या गेल्या, सायकलच्या घंट्या गेल्या, कमलची हाक गेली. एवढ्यात मास्तरांचं क्लॅरिनेटही गेलं, पण मास्तरांना वाईट वाटेल म्हणून तो त्यांच्या बोटांकडं बघून मान डोलवायचा. त्या दिवशी तार डागताना बघायचं राहून गेलं, एवढंच.

"मग हा धडधडाट कशाला लावतोस?" मी विचारलं. "आहे तेही जाईल."

"ह्यो ठेका लागला की रातकिडं गप बसत्यात," तो म्हणाला. "तेवढाच इसावा हाय मला, डॉक्टर."

मी त्याला सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनीही तेच सांगितलं. बारीक आवाज गेले ते परत येणार नाहीत, जाड आवाज शेवटपर्यंत टिकेल, पण मोठ्या आवाजापासून लांब राहिलं तरच. रतन परत आला तो पेढे घेऊन. म्हणाला, जाड आवाज शेवटपर्यंत टिकेल असं म्हणाले. पुढचं वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं की ऐकून सोडून दिलं होतं, ते मला ठरवता आलं नाही.

त्या संध्याकाळी फळीवरच्या बाटल्या पुन्हा वाजायला लागल्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तो उजेड मला मुळीच आवडला नाही. रतननं त्याच्या कॅसेटीतून जे जे काढून टाकलं होतं ते सगळं त्याला ऐकू न येणारं होतं. बासरी गेली, कारण ती त्याच्यासाठी नव्हतीच. बायकांचे आवाज गेले, चाल गेली. खोके मोठे झाले, कारण छोटे खोके त्याला पुरत नव्हते. आणि अख्खा तालुका त्याच्या कानानं ऐकायला शिकला होता. मुंबईकडूनही तसल्याच कॅसेटी येत होत्या, हे खरं. जगात कुठं तरी धडधाकट कानांची माणसं हेच करत होती. त्यांनी का केलं ते मला माहीत नाही. उमरग्यात का झालं ते मला माहीत आहे.

त्यानंतर पुन्हा पाऊस रुसला. ऊस वाळला, साखर कारखान्याची चिमणी थंड पडली. पण कारखान्याची निवडणूक मात्र वेळेवर झाली. पाणी नव्हतं, गुलाल होता. निवडून आलेल्या संचालकाचा मुलगा स्वतः जीप घेऊन रतनच्या दारात आला आणि रतनशेठ, रतनशेठ करू लागला. हा मुलगा रतनच्याच गावचा, ज्यांच्या वाड्यासमोर रतनचा बाप पायरीखाली उभा राहून हलगी वाजवायचा त्या घरातला. टेंपोवर भिंतीएवढे खोके बांधून रतन त्या मिरवणुकीला गेला. परत आला तेव्हा गुलालानं त्याचे पांढरे बूट लाल झाले होते. एरवी बुटांना धुळीचा कण न लागू देणारा हा माणूस ते बूट तसेच घालून माझ्यासमोर उभा राहिला.

"म्या टेंपोत बसलो व्हतो, हाताची घडी घालून," तो म्हणाला. "अन् त्याहिची पोरं खाली नाचत व्हती. ह्यो ठेका कुनाच्या हातचा न्हाय, डॉक्टर. मिशन वाजवतंय. मिशनला कोन म्हणंल, ये रं, भाईर उभा ऱ्हाऊन वाजीव म्हनून? माझ्या पोरीला, सुजाताला कुनी तसं म्हणणार न्हाय."

त्याच्या कानाचं दुखणं मला समजत होतं, हे दुखणं माझ्या पुस्तकात नव्हतं. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी काळजीही. कारण त्या मिरवणुकीत गावातल्या माळवदाच्या घरांमधून माती पडल्याचं मी दुसऱ्या पेशंटकडून ऐकलं होतं. टेंपो दारावरून गेला की छतातली पांढरी माती चुलीवरच्या भांड्यांत पडायची. पुढं पुढं बायका लांबून ठेका ऐकू आला की आधी भांड्यांवर परात झाकायच्या आणि मग वरात बघायला बाहेर यायच्या. देवळामागच्या पिंपळावरचं आग्यामोहोळ एका वरातीत उठलं आणि नवरदेव घोड्यावरून थेट माझ्या दवाखान्यात आला. आमच्या शेजारचे कापडवाले आप्पा घरात कन्नड बोलायचे, ते रोज दुकानातून हात जोडून "साकु रतन, साकु" म्हणायचे, पुरे कर म्हणायचे. रतन लांबून हात जोडायचा, आप्पा नमस्कार करतायत असं समजून. आम्ही हसायचो. छातीत धडधडतंय म्हणून येणारी म्हातारी माणसं वाढली होती, ती हसत नव्हती.

आता सुजाताबद्दल सांगायला हवं. सुजाता ही त्याची एकुलती एक मुलगी, तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागलेली. कमलची गिरणीत पाळी असली की शाळा सुटल्यावर ती दुकानात यायची. चुणचुणीत, काळ्याभोर डोळ्यांची, माझ्याकडं येऊन हक्कानं गोड गोळी मागणारी. मागायची मात्र इतक्या मोठ्यानं की पेशंट दचकायचे. दुपारी तिला झोप आली की ती सगळ्यात मोठ्या खोक्याला पाठ लावून बसायची आणि तशीच झोपी जायची. खोका थरथरायचा, त्याबरोबर तिच्या झग्याची झालर थरथरायची, आणि पोरगी गाढ झोपलेली. कमल म्हणायची, पाळण्यात कधी निजली नाही, ह्या खोक्यालाच निजली. पहिल्यांदा मी हे पाहिलं तेव्हा तिला उचलून माझ्या दवाखान्यातल्या बाकावर आणून ठेवलं. ती जागी होऊन रडायला लागली.

मी रतनला एकदा नाही, पुष्कळदा बजावलं. तुझं झालं ते झालं, पोरीला लांब ठेव. तो प्रत्येक वेळी मनापासून हो म्हणायचा. त्यानं तिच्यासाठी दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात चटई टाकली. पण दुकान केवढं? त्या कोपऱ्यातही माझ्या बाटल्यांपेक्षा आवाज जास्तच होता. मी आवाज कमी कर म्हटलं की तो बटण फिरवायचा, कान देऊन ऐकायचा, आणि ऐकू येईना झालं की पुन्हा होतं तिथं आणायचा. एवढा तर बारीक केलाय, असं म्हणून तो माझ्याकडं बघायचा. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडं मोजायला दुसरं काही नव्हतं. मी कमलशी बोललो, तर ती म्हणाली की गिरणीतल्या चात्यांचा आवाज ऐकून मलाच आता काही मोठं वाटत नाही, आणि पोरीला दुसरीकडं ठेवू तरी कुठं, माझं माहेर पडलं लांब तामलवाडीला. मी म्हणालो, आमच्याकडं ठेव. चार दिवस ती आमच्या घरी राहिली. माझी बायको तिच्या मागं पेज घेऊन फिरायची. पाचव्या दिवशी पोरगी दुपारी घरात दिसेना. ती दुकानात खोक्याला पाठ लावून झोपलेली सापडली.

शाळेच्या बाईंनी कमलला बोलावून सांगितलं की मुलगी हट्टी आहे, नाव पुकारलं तर उत्तर देत नाही, म्हणून तिला मागच्या ओळीत बसवलंय. कमल तिला घेऊन तडक माझ्याकडं आली. गिरणीतून आलेली, केसांत कापूस तसाच. म्हणाली, हट्टी नाही हो डॉक्टर माझी पोर.

मला तपासायचं नव्हतं. ही गोष्ट सरळ सांगतो. मी आधी घसा बघितला, मग जीभ. मग तिला समोर बसवून विचारलं, सुजाता, गोळी लाल देऊ की पिवळी? ती म्हणाली, लाल. मी हातातला कागद तोंडापुढं धरला आणि पुन्हा हळूच विचारलं, लाल की पिवळी? ती कागदाकडं बघत राहिली. मग वाकून कागदाखालून माझं तोंड दिसतं का ते बघू लागली. तिला हा खेळ वाटला. मी घड्याळ कानाशी धरलं तर तिनं ते हातात घेऊन काटे बघितले आणि किती वाजले ते मला मोठ्यानं सांगितलं.

तेवढ्यात रतन भिंतीपलीकडून आला. दारात कमल होती, तिच्या चेहऱ्याकडं बघून तो आत आला. मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला, नेहमीसारखा, आणि त्याचं ते बघणं मला त्या दिवशी सोसेना. माझे ओठ हलावेत याची तो वाट पाहत होता.

"माझ्यावानी?" त्यानंच विचारलं.

मी मान हलवली. अजून थोडं गेलंय, सगळं नाही, असं मी सावकाश, एकेक शब्द सोडवून सांगितलं. आजपासून जपलं तर उरलेलं राहील. गेलेलं येणार नाही.

त्यानं माझ्या तोंडावरची नजर काढली. मग मला नाही, कमललाही नाही, समोरच्या भिंतीला सांगावं तसं म्हणाला, "माझ्या बापाकडून तिला काय बी मिळू नये, एवढंच केलं म्या. माझ्याकडून मिळंल हे ध्यानातच आलं न्हाय."

कमल रडली नाही. तिनं पोरीला कडेवर घेतलं, खरं तर कडेवर घेण्याएवढी ती लहान नव्हती, आणि ती निघून गेली. रतन तिच्या मागं गेला. त्या दिवशी भिंतीपलीकडं काही वाजलं नाही आणि त्यानंतरही वाजलं नाही. मला वाटलं होतं की शांतता आल्यावर बरं वाटेल. दवाखान्यात बसवेना.

संचालकाच्या मुलानं सगळे खोके, रिदम मिशन, कॅसेटी एकदमच उचलल्या. त्याला ते हवेच होते. रतननं दुकानात पुन्हा रेडिओ दुरुस्ती सुरू केली, पण दुरुस्त झालेला रेडिओ वाजतो की नाही हे बघायला तो शेजारच्या कुणाला तरी हाक मारायचा. बहुतेक वेळा ते माझ्याच वाट्याला यायचं. चाँदमास्तर अधूनमधून येऊन त्याच्याजवळ बसत. आता ते क्लॅरिनेट आणत नसत. सुजाताला शाळेत पहिल्या ओळीत बसवलं होतं. ती बाईंच्या ओठांवरून पाढे शिकली आणि चांगली शिकली. रतन तिला रोज शाळेत सोडायचा, रोज आणायचा, वाटेत कुठं लाऊडस्पीकर लागलेला असला तर लांबून वळसा घालायचा. कमल परत त्याच्याशी बोलू लागली होती.

पण त्यानं थांबवलं म्हणून थांबावं असं ते आता राहिलं नव्हतं. त्याचे खोके बघून लोहाऱ्यात एकानं केले, नळदुर्गात दुसऱ्यानं. संचालकाच्या मुलाचे तर दोन टेंपो झाले. नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्यावर भाविकांच्या ट्रकांतूनही तोच ठेका ऐकू येऊ लागला. ही सगळी पोरं चांगल्या कानांची होती. आवाज किती ठेवायचा हे मात्र ती रतनकडून शिकली होती.

पुढल्या उन्हाळ्यात मी उमरगा सोडलं, मुलांच्या शिक्षणासाठी. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी दवाखान्याच्या पायरीवर उभा होतो. आत फळ्या रिकाम्या झाल्या होत्या. हमरस्त्यानं एक वरात येत होती, संचालकाच्या मुलाच्या टेंपोची. ती दिसायच्या आधी पायरीतून तळव्यांना कळली. रस्त्याच्या पलीकडं रतन सुजाताला घेऊन चालला होता. वळसा घ्यायला गल्ली नव्हती, वरात अंगावर आली होती. तो पटकन थांबला. सुजाताला त्यानं आपल्या पुढ्यात उभं केलं, खाली वाकला आणि दोन्ही तळव्यांनी तिचे कान घट्ट झाकले.

त्याला दोनच हात होते, त्याचे स्वतःचे कान तसेच उघडे राहिले. टेंपो अगदी त्याच्या समोरून गेला. त्याचे डोळे क्षणभर मिटले, बहुतेक आतले रातकिडे थांबले असावेत. मग त्यानं डोळे उघडले आणि रस्त्यापलीकडून मला पाहिलं. नुसती मान हलवली, बघा, तुम्ही सांगितलं तसं करतोय, अशी.

असला आवाज नुसता कानानं आत जात नाही. तो जमिनीतून येतो, हाडातून जातो. रतनच्या तळव्यांखाली सुजाता हसत होती आणि तिची टाच डांबरावर पडत होती, उठत होती, अगदी बरोबर ठेक्यावर. तो तिच्या मागं वाकलेला होता, त्याला तिचे पाय दिसत नव्हते. मी हात वर केला आणि त्याच्याकडं बघून हो म्हणून मान डोलवली.